घड्याळात ६० मिनिटं, घरात चार तास : सुपर बोल पहिल्यांदा बघणाऱ्यांसाठी

फेब्रुवारी लागला की आमच्या न्यू जर्सीतल्या मराठी ग्रुपवर नव्याने आलेल्या कुणाचा तरी मेसेज हमखास येतो. ‘ऑफिसातल्या एकाने सुपर बोलसाठी घरी बोलावलंय. मॅच एक तासाची असते ना? म्हणजे आठपर्यंत परत येऊ?’ सुपर बोल म्हणजे एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या लीगची फायनल. दरवर्षी तुकड्यातुकड्यांत उत्तर देण्यापेक्षा या वेळी सगळं एका जागी लिहून ठेवतोय.

आधी उत्तर. पहिली किक बसल्यापासून मॅच संपेपर्यंत साडेतीन ते चार तास धरा. ट्रॉफी देताना बघायचं असेल तर वर अर्धा तास. खेळाचं घड्याळ ६० मिनिटांचंच असतं, १५ मिनिटांचे चार क्वार्टर, यात खोटं काही नाही. पण ते घड्याळ सारखं थांबतं. कधी थांबतं आणि का, एवढं कळलं की ही संध्याकाळ लांबलचक वाटत नाही, आणि उठून निघायची वेळही चुकत नाही.

माझी ती वेळ चुकली होती, म्हणून हे इतक्या कळकळीने लिहितोय. १ फेब्रुवारी २०१५. ॲरिझोनात न्यू इंग्लंड पेट्रियट्स आणि सिॲटल सीहॉक्स खेळत होते आणि आम्ही एका सहकाऱ्याच्या घरी होतो. रात्री बर्फाचा इशारा होता, मुलगी सोफ्यावर पेंगत होती. घड्याळात दोन मिनिटं उरली होती आणि पेट्रियट्स २८-२४ने पुढे होते. दोनच मिनिटं, म्हणजे संपलीच, असं समजून आम्ही निघालो. बूट घातले, मुलीला कोट चढवला, सगळ्यांचा निरोप घेतला, गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडला, रस्त्याला लागलो, तरी रेडिओवर मॅच चालूच! सिॲटल गोलरेषेपासून एका यार्डावर, २० सेकंद बाकी, आणि पेट्रियट्सच्या माल्कम बटलर या पहिल्याच मोसमातल्या पोराने त्यांचा पास मधल्यामध्ये पकडला. चार तास ज्या खुर्चीत बसलो होतो तिथून तो क्षण बघायचा राहिला, याची हळहळ अजून आहे.

पायरी पहिली : दिवस आणि तास पक्का करा

२०२२ पासून सुपर बोल फेब्रुवारीच्या दुसऱ्या रविवारी होतो. किकऑफची छापील वेळ न्यूयॉर्क-न्यू जर्सीकडे संध्याकाळी ६:३०. शिकागो, डॅलस, ह्यूस्टनला तेव्हा ५:३०, डेन्व्हरला ४:३० आणि कॅलिफोर्नियात दुपारचे ३:३० वाजलेले असतात. पुणे-मुंबईत सोमवारी पहाटेचे पाच.

छापील वेळेला किक बसत नाही. राष्ट्रगीत, खेळाडूंचं मैदानात येणं, नाणेफेक या सगळ्यात दहाएक मिनिटं जातात. चॅनेलवर दुपारपासून गप्पा चालू असतात, त्या बघायची गरज नाही. मात्र यजमानाने साडेपाचला बोलावलं असेल तर साडेपाचलाच पोचा. खाणं-पिणं, ओळखीपाळखी किकच्या आधी होतात, आणि एकदा खेळ सुरू झाला की दार उघडायला उठणाऱ्याची चाल हुकते.

दुसऱ्या दिवशी सुट्टी नसते. इकडे पूर्व किनाऱ्यावर मॅच रात्री सव्वादहा-साडेदहाला संपते, घरी पोचेपर्यंत अकरा. मुलांची शाळा सकाळी असेल तर दप्तर आणि डबा निघण्याआधीच तयार ठेवा. कॅलिफोर्नियावाले नशीबवान, साडेसातला मोकळे. आणि संक्रांतीचं हळदीकुंकू ठरवणाऱ्या मंडळाच्या ताई-दादांनो, हा एक रविवार कृपा करून सोडा. हॉल रिकामा मिळतो तो त्यामुळेच.

पायरी दुसरी : घड्याळ कशाने थांबतं ते समजून घ्या

आपल्या डोक्यातलं फुटबॉल म्हणजे ४५-४५ मिनिटं न थांबता धावणारं घड्याळ. इथे तसं नाही. हा खेळ बराचसा क्रिकेटसारखा, चेंडूगणिक चालतो. एका संघाला दहा यार्ड पुढे जायला चार संधी मिळतात, त्यांना डाउन म्हणतात. दहा यार्ड गेले की पुन्हा चार नव्या संधी. नाही गेले तर चेंडू समोरच्याला. मैदान १०० यार्डांचं, दोन्ही टोकांना दहा-दहा यार्डांची एंड झोन. तिथे चेंडू नेला की टचडाउन, सहा गुण. त्यावर जवळून किक मारून आणखी एक, किंवा धाडस करून पुन्हा एंड झोनमध्ये घुसून दोन. लांबून खांबांमधून किक मारली तर तीन. पहिल्या दिवशी एवढे नियम पुरतात.

एक चाल चार-सहा सेकंदांत संपते. मग सगळे उठतात, घोळका करतात, पुढची चाल ठरते. त्यासाठी वेगळं ४० सेकंदांचं घड्याळ असतं, प्ले क्लॉक. तेवढ्यात चेंडू खेळात आणला नाही तर दंड, पाच यार्ड मागे. आता गंमत अशी की खेळाडू मैदानातच खाली पाडला गेला असेल तर या घोळक्याच्या वेळातही मुख्य घड्याळ चालू राहतं. म्हणजे त्या ६० मिनिटांतलाही मोठा भाग खेळाडू उभे असतानाच जातो. दोन्ही संघांच्या मिळून सव्वाशेच्या आसपास चाली होतात. प्रत्येकीचे पाच सेकंद धरा आणि गुणाकार करा, दहा-अकरा मिनिटं येतात. २०१०मध्ये ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ने अशा मॅचेस मोजून बघितल्या, त्यांचाही आकडा ११ मिनिटांचाच आला.

घड्याळ थांबतं ते असं. पास हवेतून जमिनीवर पडला, कुणी पकडला नाही, तर पुढची चाल सुरू होईपर्यंत थांबतं. गुण झाले की थांबतं. चेंडू या संघाकडून त्या संघाकडे गेला की थांबतं. खेळाडू कडेच्या रेषेबाहेर गेला की थांबतं, पण रेफरीने खूण केली की लगेच पुन्हा चालू होतं. पहिल्या हाफची शेवटची दोन आणि दुसऱ्या हाफची शेवटची पाच मिनिटं मात्र पुढच्या चालीपर्यंत थांबूनच राहतं. प्रत्येक संघाला प्रत्येक हाफमध्ये तीन टाइमआउट. शिवाय दोन्ही हाफमध्ये दोन मिनिटं उरली की सक्तीची विश्रांती, टू-मिनिट वॉर्निंग. प्रशिक्षकाला निर्णय पटला नाही तर तो लाल रुमाल मैदानात टाकतो आणि रेफरी रिप्ले बघतात. निर्णय त्याच्या विरुद्ध गेला तर त्याचा एक टाइमआउट जातो. दुखापत झाली, तरी घड्याळ थांबतं.

या प्रत्येक थांब्याला जाहिराती चिकटलेल्या असतात. २०२५मध्ये ३० सेकंदांच्या एका जाहिरातीचा दर ८० लाख डॉलरपर्यंत गेला होता. त्यामुळे चॅनेल एकही ब्रेक हुकू देत नाही. हे पहिल्यापासूनच आहे. १५ जानेवारी १९६७ला लॉस एंजेलिसमध्ये पहिली मॅच झाली, ग्रीन बे पॅकर्सनी कॅन्सस सिटी चीफ्सना ३५-१०ने हरवलं, ती सीबीएस आणि एनबीसी दोन्ही चॅनेलांवर एकाच वेळी होती. दुसऱ्या हाफची किक बसली तेव्हा एनबीसी अजून ब्रेकमध्येच होतं, म्हणून ती किक पुन्हा मारायला लावली.

इथे येऊन वैतागणारे मी खूप पाहिलेत. ‘हे कसलं फुटबॉल, सारखं थांबतं!’ मला ते पटत नाही. आयपीएलमधली वीस-वीस षटकंही सहसा साडेतीन तासांच्या खाली संपत नाहीत, आणि दोन चेंडूंमध्ये क्षेत्ररक्षण बदलताना आपण डोळे लावून बसतोच की. इथला थांबा तसाच आहे, त्यात खेळाचं डोकं चालतं.

पायरी तिसरी : पहिला हाफ, आणि ४० सेकंद बघायला शिका

पहिला हाफ साधारण दीड तास चालतो. पहिला क्वार्टर बहुतेक वेळा जरा कोरडा जातो, दोन्ही संघ एकमेकांचा अंदाज घेत असतात. त्या वेळात एकच सवय लावून घ्या. चेंडूकडे बघू नका, आधी पडद्याच्या तळाची पट्टी बघा. तिथे चार गोष्टी असतात : गुण, क्वार्टरचं उरलेलं घड्याळ, कितवा डाउन आणि किती यार्ड हवेत, आणि ४० वरून खाली येणारा छोटा आकडा. ‘३ आणि ८’ असं दिसलं तर तिसरी संधी आहे आणि आठ यार्ड हवेत. म्हणजे आता पास टाकणार. ‘३ आणि १’ असेल तर बहुधा चेंडू पोटाशी धरून घुसणार. चौथ्या डाउनला बहुतेक संघ किक मारून चेंडू लांब धाडतात. नाही मारली, तर आवाज वाढवा.

हे जमलं की घोळक्याचे ते सेकंद रिकामे राहत नाहीत. माझी मुलगी नऊ वर्षांची असताना प्रत्येक वेळी ‘पास’ किंवा ‘धाव’ असं आधी ओरडून सांगायची आणि यजमानांचे वडील तिच्याबरोबर पैजा लावायचे. खेळ कळायला याहून सोपी शाळा मला माहीत नाही.

उठायचं कधी? चालींच्या मध्ये नाही. गुण झाल्यावर, किंवा चेंडू या संघाकडून त्या संघाकडे गेल्यावर बहुतेक वेळा लांब ब्रेक येतो, तेव्हा पाणी, बाथरूम उरकून घ्या. फक्त लक्षात ठेवा, या एका रात्री बरेच लोक जाहिराती बघायलाच बसलेले असतात. जाहिरातीच्या वेळी मोठ्याने गप्पा मारल्या तर भुवया उंचावतात.

पायरी चौथी : हाफटाइम, जेवणाची खरी वेळ

एरवीच्या मॅचला हाफटाइम १३ मिनिटांचा असतो. सुपर बोलला तो २५-३० मिनिटांपर्यंत जातो, कारण मध्ये गाण्याचा कार्यक्रम असतो. पूर्व किनाऱ्यावर तो साधारण आठ ते साडेआठच्या दरम्यान सुरू होतो. प्रत्यक्ष गाणं १२-१५ मिनिटं. उरलेल्या वेळात एक वेगळाच खेळ होतो. शेकडो माणसं चाकांवरचे रंगमंचाचे तुकडे ढकलत गवतावर आणतात, सात-आठ मिनिटांत जोडतात आणि कार्यक्रम संपला की तेवढ्याच घाईने बाहेर नेतात. टीव्हीवर हे फारसं दाखवत नाहीत.

आजच्या या थाटाची सुरुवात १९९३च्या पॅसाडेनातल्या मायकेल जॅक्सनपासून धरतात. तो मंचावर आला आणि मिनिटभराहून जास्त वेळ नुसता निश्चल उभा राहिला. जिथे प्रत्येक सेकंदाला भाव आहे तिथे त्याने काहीही न करता सगळं स्टेडियम धरून ठेवलं. त्याचं रेकॉर्डिंग मिळालं तर जरूर बघा.

जेवणाचं म्हणाल तर पहिल्या हाफमध्ये हातात घेऊन खायचं असतं, विंग्ज, चिप्स, ग्वाकामोली. ताट-वाटीचं जेवण नेऊ नका, मांडीवर ताट घेऊन टचडाउनला उठता येत नाही. ‘काय आणू?’ असं विचारलंत आणि यजमान ‘काहीही’ म्हणाले तर सुक्या चटणीचे छोटे बटाटेवडे न्या. आम्ही नेतो. गरम हवेत, म्हणून पहिल्या हाफच्या टू-मिनिट वॉर्निंगला ओव्हन लावा. त्या दोन मिनिटांना निदान दहा मिनिटं लागतात, तोवर ओव्हन तापतो आणि हाफटाइमला वडे टेबलावर असतात.

लहान मुलं असतील आणि तुमच्यापैकी एकाला निघावंच लागणार असेल तर निघायची योग्य वेळ हीच. गाणं संपलं की निघा. मधूनच निघण्यापेक्षा हे बरं.

पायरी पाचवी : शेवटची पाच मिनिटं, जागेवरून हलू नका

तिसरा क्वार्टर पटकन जातो, त्याबद्दल वेगळं सांगण्यासारखं नाही. खरी मॅच चौथ्याच्या शेवटी, गुणांचं अंतर आठ किंवा त्याहून कमी असेल तर. आठ का, तर टचडाउनचे सहा आणि वरचे दोन, म्हणजे एका हल्ल्यात बरोबरी.

इथे घड्याळ हा तिसरा संघ होतो. मागे असलेला संघ ते थांबवायला धडपडतो. पास टाकतो, खेळाडू मुद्दाम रेषेबाहेर जातात, टाइमआउट घेतात. पुढे असलेला संघ ते पळवतो. चेंडू पोटाशी धरून मैदानातच पडायचं आणि ४० सेकंद पुरते संपवायचे. कबड्डी बघणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. दोन गुणांची आघाडी असलेला संघ शेवटी ३० सेकंदांच्या रिकाम्या चढाया कशा करतो, तेच इथे. म्हणून शेवटच्या दोन मिनिटांना भिंतीवरच्या घड्याळात पंधरा मिनिटंही लागू शकतात.

याचं मला सगळ्यात आवडणारं उदाहरण १२ फेब्रुवारी २०२३चं. चीफ्स आणि फिलाडेल्फिया ईगल्स ३५-३५ बरोबरीत, दोन मिनिटांच्या आत. चीफ्सचा जेरिक मॅकिनन चेंडू घेऊन निघाला, समोर एंड झोन मोकळी. सरळ आत गेला असता तर सहा गुण. पण तो गोलरेषेच्या अलीकडेच जमिनीवर घसरून बसला. माझ्या शेजारचे आमचे नवे पाहुणे उभेच राहिले, ‘अहो, हा पडला कसा?’ पडला नव्हता, बसला होता. टचडाउन केला असता तर ईगल्सना चेंडू आणि दीड मिनिट मिळालं असतं. बसल्यामुळे घड्याळ चीफ्सच्या ताब्यात राहिलं, त्यांनी ते संपवत आणलं आणि आठ सेकंद राहिली असताना किक मारून ३८-३५ केलं. ईगल्सना काही करायला वेळच उरला नाही. गुण हातात असताना वेळ निवडणारा माणूस! त्या एका बसण्यात हा सगळा खेळ आहे असं मला वाटतं.

पायरी सहावी : लांबली तर

बरोबरी झाली तर १५ मिनिटांचा ओव्हरटाइम. आजवर दोनदाच असं झालंय. ५ फेब्रुवारी २०१७ला ह्यूस्टनमध्ये अटलांटा फाल्कन्स २८-३ने पुढे होते. अर्ध्याअधिक घरांतली माणसं त्या वेळी भांडी आवरायला लागली असतील. पेट्रियट्सनी ५७ सेकंद बाकी असताना २८-२८ केलं आणि ओव्हरटाइममध्ये पहिल्याच हल्ल्यात टचडाउन करून ३४-२८ने जिंकले. फाल्कन्सच्या हाती चेंडू आलाच नाही. पुढे २०२२मध्ये प्लेऑफसाठी नियम बदलला, आता दोन्ही संघांना एकेक संधी मिळतेच. त्यामुळे ओव्हरटाइम लागला की अर्धा तास जास्तीचा धरा. ११ फेब्रुवारी २०२४ला लास व्हेगासमध्ये तेच झालं. चीफ्सनी सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनायनर्सना २५-२२ने हरवलं तेव्हा ओव्हरटाइमची फक्त तीन सेकंदं उरली होती. खेळाच्या घड्याळाने पाहिलं तर ७४ मिनिटं ५७ सेकंद.

भिंतीवरच्या घड्याळाचा विक्रम मात्र २०१३चा. ३ फेब्रुवारीला न्यू ऑर्लिन्सच्या सुपरडोममध्ये तिसऱ्या क्वार्टरमध्ये निम्म्या स्टेडियमचे दिवे गेले आणि ३४ मिनिटं खेळ बंद राहिला. बाल्टिमोर रेव्हन्सनी ती मॅच ३४-३१ने जिंकली, एकूण वेळ चार तास १४ मिनिटं. असं पुन्हा होईल म्हणून तयारी करायला नको. चार तास मोकळे ठेवले की पुरतं.

मॅच संपल्यावर व्हिन्स लोम्बार्डी ट्रॉफी देतात. लोम्बार्डी म्हणजे त्या पहिल्या दोन सुपर बोल जिंकणाऱ्या पॅकर्सचे प्रशिक्षक. हा कार्यक्रम बघायला थांबायचं बंधन नाही, यजमानही सोमवारच्या चिंतेत असतात. आपली भांडी विसळून, डबा उचलून निघालात तरी कुणाला वाईट वाटत नाही.

भारतातून बघणाऱ्यांसाठी

सोमवारी पहाटे ४:५०चा गजर लावा. पाचला टीव्ही लावलात तरी पहिली चाल हुकणार नाही. पहिला हाफ साडेसहा-पावणेसातपर्यंत. हाफटाइमच्या अर्ध्या तासात अंघोळ, चहा, मुलांचं आवरणं सगळं बसतं. सातच्या पुढे दुसरा हाफ, आणि साडेआठ ते नऊच्या मध्ये शेवट. ऑफिसला आठला निघावं लागत असेल तर अडचण नेमकी तिथेच येते, चौथा क्वार्टर रस्त्यात सापडतो. आमचा भाऊ हिंजवडीला जातो, तो त्या सोमवारी एक तास उशिरा येण्याची परवानगी शुक्रवारीच मागून ठेवतो. तेही जमत नसेल तर उठल्या उठल्या बघू नका. रेकॉर्डिंग संध्याकाळी बघा, पण दिवसभर फोनवरच्या बातम्या बंद ठेवा, आणि अमेरिकेतल्या नातेवाइकांचे मेसेज तोवर उघडू नका.